दोनदां दिलेली आज्ञा



‘बिनतारी’ हा शब्द उच्चारला कीं एके काळीं डोळ्यांपुढें रेडिओची पेटी उभी राही. आज त्याच शब्दाचा संसार पुष्कळ वाढला आहे. घरांतला संगणक, हातांतला दूरध्वनि आणि भिंतीवरची वायफायची लहानशी डबी हीं सर्व त्याच विद्युच्चुंबकीय लहरींवर आपला व्यवहार चालवितात. हा व्यवहार इतक्या निमूटपणें चालतो कीं तो बंद पडेपर्यंत त्याची आठवणहि होत नाहीं. तो बंद पडण्याचे कांहीं प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. लहर क्षीण होते, वीज जाते, यंत्र जळतें. आज ज्या प्रकाराविषयीं मी बोलणार आहें, तो याहून निराळा आहे. त्यांत कांहीं मोडत नाहीं आणि कांहीं जळतहि नाहीं. ‘थांब’ ही एकच आज्ञा दोनदां दिली जाते, आणि त्या दुसऱ्या आज्ञेपायीं संगणकाचा जाळ्याशीं असलेला सारा व्यवहार गोठून बसतो.

हा गोठण्याचा प्रकार मोठा विलक्षण दिसतो. पडद्यावरचा बाण हलत असतो, घड्याळ पुढें सरकत असतें, लिहिलेला मजकूर जतनहि करतां येतो. मात्र जाळ्याची जोडणी बदलणारी कोणतीहि आज्ञा दिली, तर ती परत म्हणून येत नाहीं. ती आज्ञा रद्द करूं म्हटलें तर रद्द होत नाहीं. शेवटीं संगणकच बंद करावयास सांगावें, तर तेंहि काम जाळें मिटवितांना अर्ध्यावर अडकतें आणि वीज तोडण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. टेबलावरच्या संगणकाची वीज तोडणें सोपें आहे. परंतु हेंच यंत्र एखाद्या मनोऱ्यावर किंवा दूरच्या टेकडीवर एकटें बसविलेलें असेल, तर केवळ एक बटण दाबण्यासाठीं तेथवर माणूस धाडावा लागतो. आणि तो पोंचेपर्यंत त्या यंत्रावर विसंबून असलेल्या सर्वांचा संपर्क तुटलेला असतो. म्हणून या दोषाचें मूळ समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम ‘ड्रायव्हर’ म्हणजे काय तें पाहूं. संगणकांत जें बिनतारी कार्ड असतें, त्याची भाषा संगणकाच्या मुख्य कार्यप्रणालीला ठाऊक नसते. कार्ड बनविणारे अनेक, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. या दोघांच्या मध्यें एक दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो कांहीं लोखंडी वस्तु नव्हे. तो एक लिहिलेला आज्ञासंच आहे. कार्यप्रणालीचा जो अंतर्भाग, ज्याला ‘कर्नल’ म्हणतात, त्याच्याच पंगतीस बसून तो काम करतो. या पंगतीस बसणाऱ्याचा अधिकार मोठा असतो, आणि म्हणूनच त्याच्या चुकीची किंमतहि मोठी असते. एखादा साधा कार्यक्रम अडला तर कर्नल त्याला उठवून बाहेर घालवूं शकतो. कर्नलमध्येंच कोणी अडला, तर त्याला उठविणारा वर कोणी नसतो.

आतां संदेश येतो कसा? लहरींवरून आलेला मजकूर लहान लहान गठ्ठ्यांच्या रूपानें कार्डापाशीं पोंचतो. या गठ्ठ्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. जुन्या पद्धतींत प्रत्येक पॅकेट आलें कीं कार्ड संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाला हांक मारी. या हांकेला ‘इंटरप्ट’ असें नांव आहे. हांक आली कीं प्रक्रियकानें हातचें काम सोडून दाराशीं जावयाचें. दिवसांतून दहा पत्रें येतात तोंवर पोस्टमननें प्रत्येक पत्रागणिक कडी वाजविली तरी चालतें. परंतु सेकंदास हजारों पत्रें येऊं लागलीं तर घरधन्याचा सारा वेळ दाराशीं जाण्यांतच संपेल आणि एकहि पत्र वाचून होणार नाहीं. ही भीति काल्पनिक नाहीं. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघां संशोधकांनीं १९९६ सालीं आपल्या निबंधांत याच स्थितीचें विवेचन केलें होतें. यंत्र अहोरात्र राबतें आहे, पण निष्पत्ति शून्य, असें त्या स्थितीचें स्वरूप असतें.

यावर लिनक्स या कार्यप्रणालींत जो तोडगा निघाला, त्याला ‘नॅपी’ म्हणतात. २००१ सालीं जमाल हादी सलीम, रॉबर्ट ऑल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनीं तो विद्वानांपुढें मांडला. त्याची कल्पना सोपी आहे. पहिली हांक आली कीं प्रक्रियकानें कार्डाला सांगावयाचें, ‘आतां पुन्हां कडी वाजवूं नकोस, मीच येऊन पेटी रिकामी करतों.’ मग एका फेरींत ठराविक पॅकेटें उचलावयाचीं. बहुतेक ड्रायव्हरांत ही मर्यादा ६४ असते. पेटी रिकामी झाली कीं कडी पुन्हां चालूं करावयाची. नाहीं झाली तर दुसरी फेरी घ्यावयाची.

या व्यवस्थेंत एक अट पाळावी लागते. एकाच पेटीवर दोन प्रक्रियकांनीं एकाच वेळीं हात घालूं नये. त्यासाठीं कर्नलमध्यें प्रत्येक पेटीमागें एक खूण ठेवलेली असते. ही खूण म्हणजे केवळ एक द्विमान अंक: शून्य किंवा एक. तिचें कार्य समजण्यास आगगाडीच्या एकेरी मार्गाचा दृष्टान्त उपयोगी पडेल. एकेरी रुळांवर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत म्हणून एक टोकन असतें. तें ज्या गाडीच्या हातीं, तिलाच त्या टप्प्यांत शिरण्याची मुभा. गाडी पलीकडे पोंचली कीं टोकन परत द्यावयाचें. आपली खूण ही त्या टोकनासारखीच आहे. खूण ‘एक’ असेल तर टोकन कोणाच्या तरी हातांत आहे, आणि ‘शून्य’ असेल तर तें मोकळें आहे. पेटी रिकामी करणारा प्रक्रियक आधीं टोकन घेतो आणि काम संपल्यावर तें परत ठेवतो.

आतां समजा, मार्ग दुरुस्तीसाठीं बंद करावयाचा आहे. स्टेशनमास्तर काय करील? टप्प्यांत गाडी असेल तर ती बाहेर पडेपर्यंत तो थांबेल. टोकन परत आलें कीं तें स्वतः उचलून आपल्या कपाटांत ठेवील आणि कुलूप लावील. टोकनच हातीं नसल्यामुळें कोणतीहि गाडी आंत शिरूं शकणार नाहीं. मार्ग पुन्हां उघडावयाचा असेल तेव्हां तें कपाटांतून काढून बाहेर ठेवावयाचें. कर्नलमधील नॅपी बंद करण्याची आज्ञा अगदीं हेंच करते. ती खूण मोकळी होण्याची वाट पाहते, मोकळी होतांच ती स्वतः धरते, आणि सोडीत नाहीं. नॅपी चालूं करण्याची आज्ञा ती खूण सोडून देते. स्वतंत्र असा ‘मार्ग बंद’ असल्याचा फलक येथें नाहीं. टोकन कपाटांत असणें हाच मार्ग बंद असल्याचा पुरावा. योजना काटकसरीची आहे, आणि नेमानें चालविली तर निर्दोषहि आहे.

परंतु मार्ग बंद असतांना स्टेशनमास्तराला दुसरा हुकूम आला कीं ‘मार्ग बंद करा’, तर काय होईल? जिवंत स्टेशनमास्तर हंसेल आणि ‘बंदच आहे’ असें कळवील. संगणकाच्या आज्ञेला हंसूं येत नाहीं. ती पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करते. टोकन मोकळें आहे काय? नाहीं. म्हणजे गाडी टप्प्यांत असणार. ती बाहेर येईपर्यंत थांबलें पाहिजे. क्षणभर झोंप घ्यावी आणि पुन्हां पाहावें. अजून नाहीं? पुन्हां झोंप, पुन्हां पाहणें. टप्प्यांत गाडी नाहींच. टोकन स्वतःच्याच कपाटांत आहे, आणि तें काढण्याचा अधिकार केवळ ‘मार्ग उघडा’ या आज्ञेला आहे. ती आज्ञा तर या आज्ञेनंतर यावयाची. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी ही गत आहे. फरक इतकाच कीं या वळशाला अंत नाहीं.

येथें एक विषमता ध्यानांत घेण्याजोगी आहे. नॅपी चालूं करण्याची आज्ञा चुकून दोनदां दिली, तर कर्नल तात्काळ आरडाओरड करतो, कारण जें टोकन कपाटांत असावयास हवें तें तेथें नाहीं हें त्याला त्या क्षणींच दिसतें. बंद करण्याची आज्ञा दोनदां दिली, तर मात्र त्याला कांहींच वावगें दिसत नाहीं; टोकन कोणाच्या तरी हातीं असणें ही नित्याचीच गोष्ट आहे. ओरडणारा दोष लवकर सांपडतो. निमूट बसणारा दोष वर्षानुवर्षें दडून राहतो.

आतां कोणी विचारील, ‘शहाणा ड्रायव्हर दोनदां आज्ञा देईलच कशाला?’ याचें उत्तर एका प्रत्यक्ष उदाहरणांत आहे. क्वालकॉम अथेरॉस या नांवाच्या वायफाय कार्डांसाठीं लिनक्समध्यें ‘एटीएच-टेन-के’ नांवाचा ड्रायव्हर आहे. या कार्डांवर स्वतःचा एक लहानसा संगणक असतो आणि त्यावर स्वतःचा आज्ञासंच चालतो; त्याला ‘फर्मवेअर’ म्हणतात. हा फर्मवेअर कधीं कधीं कोसळतो. तसें झालें तर ड्रायव्हरनें कार्ड थांबवून पुन्हां पहिल्यापासून उभें करावें अशी तजवीज केलेली आहे. वापरणाऱ्याला क्षणभर अडथळा जाणवतो आणि व्यवहार पूर्ववत् सुरू होतो. ही तजवीज स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं.

परंतु ती दोन टप्प्यांत पार पडते. पहिल्या टप्प्यांत कार्ड थांबवितात; त्यांतच नॅपी बंद होते. दुसऱ्या टप्प्याचें काम रांगेत टाकतात. तें यथावकाश होतें, आणि त्यांत नॅपी पुन्हां चालूं होते. या दोन टप्प्यांमधला काळ थोडा असतो, पण असतो. नेमक्या त्याच काळांत वापरणाऱ्यानें वायफाय बंद करण्याचें बटण दाबलें तर? ड्रायव्हर आपली नोंद पाहतो. नोंदींत ‘बंद’ असें लिहिलेलें नाहीं. ‘पुन्हां सुरू होत आहे’ असें लिहिलेलें आहे. जें बंद नाहीं तें थांबविलें पाहिजे, असा हिशेब करून तो कार्ड थांबविण्याचा सारा विधि पुन्हां आरंभितो, आणि त्या विधींत नॅपी बंद करण्याची आज्ञा दुसऱ्यांदां दिली जाते. दुरुस्ती करणाऱ्यानें आपलें काम बरोबर केलें. बटण दाबणाऱ्यानेंहि गैर कांहीं केलें नाहीं. दोघांच्याहि मागें असलेलें तर्कशास्त्र वेगवेगळें पाहिलें तर निर्दोष आहे. दोष त्यांच्या सांध्यांत आहे. वापरणारा वायफाय बंद करून पाहतो तोच मुळीं तें नीट चालेनासें झालें म्हणून. म्हणजे ही गांठ पडण्याचा संभव संकटाच्या क्षणींच अधिक.

एवढ्यानें सारें जाळें कां गोठावें, हा पुढचा प्रश्न. जाळ्याची जोडणी बदलणारीं कामें एकमेकांत मिसळूं नयेत म्हणून लिनक्समध्यें एक सामाईक कुलूप आहे. ज्याला असा बदल करावयाचा असेल त्यानें तें आधीं मिळवावयाचें आणि काम संपल्यावर सोडावयाचें. वायफाय बंद करण्याची आज्ञा हें कुलूप हातीं घेऊनच ड्रायव्हरपर्यंत पोंचते आणि तेथें अनंत काळ वाट पाहत बसते. कुलूप तिच्याच हातीं. त्यामुळें तारेच्या जोडणीसाठीं आलेली आज्ञाहि बाहेर ताटकळते. इतकेंच नव्हे, तर कार्ड पुन्हां उभें करण्याचें जें काम रांगेत होतें, त्यालाहि तेंच कुलूप लागतें. म्हणजे ज्या एका कामामुळें सुटका व्हावयाची, तेंच दाराबाहेर अडकून पडतें.

अशा वेळीं कर्नलचे पहारेकरी काय करतात? लिनक्समध्यें असे दोन पहारेकरी ठेवतां येतात. पहिला, प्रक्रियक अडवून बसणाऱ्या कामावर नजर ठेवतो. परंतु आपली आज्ञा प्रक्रियक अडवीत नाहीं. ती दर वेळीं झोंपी जाऊन तो इतरांना मोकळा करते. दुसरा पहारेकरी, जीं कामें निश्चल झोंपलीं आहेत तीं शोधतो. त्याची नेहमींची मुदत १२० सेकंदांची असते. पण आपली आज्ञा निश्चलहि नाहीं. ती वारंवार जागी होऊन पुन्हां झोंपते. त्यामुळें मूळ गुन्हेगार दोघांच्याहि हातून निसटतो. दोन मिनिटांनीं दुसरा पहारेकरी जी तक्रार नोंदवितो, तींत नांवें असतात तीं बाहेर कुलुपाची वाट पाहणाऱ्या बिचाऱ्यांचीं. तक्रारींतील पहिलें नांव घेऊन जो शोध सुरू करील, तो भलत्याच वाटेला लागण्याची भीति असते. म्हणून अशा प्रसंगीं ‘कोण थांबला आहे’ एवढें विचारून भागत नाहीं. ‘तो ज्यासाठीं थांबला आहे तें कोणाच्या हातीं आहे’ हें विचारावें लागतें, आणि ही विचारणा साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत न्यावी लागते.

आतां उपायाकडे वळूं. कोणी म्हणेल, कर्नलनेंच दुसरी आज्ञा आल्यास ‘बंदच आहे’ असें म्हणून परत फिरावें. वरवर पाहतां हें सयुक्तिक वाटतें. परंतु दोन निरनिराळ्या कारणांनीं दोघांनीं मार्ग बंद केला आहे असें समजा. पहिल्याचें काम संपलें. त्यानें मार्ग उघडला. दुसरा मात्र मार्ग बंदच आहे अशा समजुतीनें रूळ उखडीत बसला आहे. परिणाम काय होईल तो सांगावयास नको. संगणकांत त्याचें रूप असें असतें कीं, जी स्मृतीची जागा परत केली गेली आहे तिच्यावर पॅकेटें लिहिलीं जातात आणि भलत्याच ठिकाणची माहिती नासते. गोठण्यापेक्षां हें अधिक वाईट.

दुसरा कोणी म्हणेल, मोजदाद ठेवावी. दोनदां बंद केलें तर दोनदां उघडल्यावांचून उघडूं नये. लिनक्समध्यें इंटरप्ट बंद करण्याच्या साध्या आज्ञेला अशी मोजदाद आहेच. परंतु आपल्या उदाहरणांत बंद करणारे दोन आणि उघडणारा एकच असण्याचा संभव आहे. तेथें मोजदाद एकावर अडून राहील. कुलूप सुटेल, पण वायफाय मुकेंच राहील. तात्पर्य, बंद कां केलें आणि केव्हां उघडावयाचें हें ज्याला ठाऊक आहे, त्यानेंच हिशेब ठेवला पाहिजे. तें ज्ञान कर्नलला नसतें, ड्रायव्हरला असतें.

एटीएच-टेन-के मध्यें जो उपाय योजण्यांत आला, तो याच तत्त्वावर आहे. ड्रायव्हरनें स्वतःचें एक निशाण ठेवलें: ‘नॅपी चालूं आहे’. नॅपी बंद करण्याची आज्ञा ठिकठिकाणीं परस्पर देण्याऐवजीं ती एका लहानशा विधींतूनच द्यावयाची असें ठरविलें. तो विधि आधीं निशाण पाहतो. निशाण खालीं असेल तर कांहीं न करतां परत फिरतो. वर असेल तर चालूं फेरी संपूं देतो, नॅपी बंद करतो आणि निशाण खालीं उतरवितो. चालूं करण्याचा विधिहि याच्याच उलट आहे. थोड्या ओळींचें हें काम. परंतु त्यामुळें दुसरी आज्ञा निरुपद्रवी झाली. एक दुरुस्ती चालूं असतां दुसरी सुरू होऊं नये, यासाठींहि त्या ड्रायव्हरांत निराळी नोंद ठेवण्यांत येते.

मात्र नुसतें निशाण पुरेसें नाहीं. निशाण पाहणें आणि तें बदलणें या दोहोंच्या मध्यें दुसरा कोणी शिरला, तर दोघांनाहि निशाण वरच दिसेल आणि दोघेहि बंद करावयास धांवतील. म्हणून हा सारा विधि ड्रायव्हरच्या स्वतःच्या एका कुलपाखालीं व्हावा लागतो. तसेंच ज्या ज्या मार्गानें यंत्र थांबतें, म्हणजे वापरणाऱ्याची आज्ञा, फर्मवेअरचें कोसळणें, यंत्राची निद्रा, ड्रायव्हर काढून टाकणें, ते सर्व त्याच एका विधीतून गेले पाहिजेत. एक जरी मार्ग बाहेरून गेला, तरी निशाण खोटें बोलूं लागतें. आणि खोटें निशाण हें निशाण नसण्यापेक्षां घातक.

शेवटची गोष्ट परीक्षेची. असे दोष नेहमींच्या वापरांत क्वचित् उघडे पडतात, कारण दोन घटनांची गांठ काहीं सहस्रांश सेकंदांत पडावी लागते. म्हणून ती गांठ मुद्दाम घालावी लागते. एटीएच-टेन-के मध्यें फर्मवेअर हेतुपुरस्सर कोसळविण्याची सोय परीक्षकांसाठीं ठेवलेली आहे. एका बाजूनें तो वारंवार कोसळवावयाचा, दुसऱ्या बाजूनें वायफाय चालूं-बंद करीत राहावयाचें, आणि ही झुंज तासन्तास चालूं ठेवावयाची. जो ड्रायव्हर हिच्यांतून तरला, तो मनोऱ्यावर एकटा ठेवण्यास योग्य.

संकटांतून बाहेर काढण्यासाठीं जी वाट आंखलेली असते, तिच्यावरून नित्य कोणी चालत नाहीं. म्हणून तिच्यांतले खड्डे शेवटपर्यंत दिसत नाहींत. नित्याच्या वाटेपेक्षां तिचीच तपासणी अधिक कसोशीनें केली पाहिजे. आणि ‘थांब’ म्हणण्यापूर्वीं, समोरचा आधींच थांबलेला तर नाहीं ना, एवढें पाहून घेण्यास एक सहस्रांश सेकंदहि लागत नाहीं.